आमेन झालं का?

आमच्या सासूबाई देवाशी बोलायला लागल्या की चार घरांना ऐकू जायचं. त्यांना मात्र वाटायचं, आपण ओठांतल्या ओठांत पुटपुटतोय. कान गेले की दुसऱ्याचा आवाज जातो तसा स्वतःचाही जातो, आणि मग माणूस कुजबुजतो तेसुद्धा गच्चीवरून हाक मारल्यासारखं. पण हे त्यांना सांगणार कोण? माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, मी केव्हाच सांगून टाकलं असतं. पण लग्न होऊन आले त्याच आठवड्यात नवऱ्याने बजावलं होतं, आईच्या प्रार्थनेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्याचं तेवढं एक मी ऐकलं.

आमचं फ्रेमांचं दुकान. खाली दुकान, वर आम्ही. सासऱ्यांनी काढलं आणि दोन मुलांना शिकवलं, एकाला लाकूड, एकाला काच. थोरल्या दिरांनी पट्टी तिरकी कापून कोपरा जोडला की सांध्यावर नख फिरवलं तरी अडकायचं नाही. माझ्या नवऱ्याने काचेवर हिरा ओढून हलकेच दाबलं की ती मुकाट्याने दोन व्हायची. आणि दोघांच्या मध्ये सासरे. त्यांचं काम एवढंच, की चौकटीत काच ठेवली की एक जुनं पोस्टकार्ड घेऊन त्याची कड काचेच्या चारही बाजूंनी फिरवायची. कार्ड सुळकन सरकलं तर काम पास. नाहीतर काच परत. "लाकूड हवेने फुगतं रे," म्हणायचे, "काच बिचारी कुठे जाणार? तिला जागा सोडा."

सासरे गेले आणि दुसऱ्याच महिन्यात एका नाच शिकवणाऱ्या बाईंचा भिंतभर आरसा आला. दोघांनी जीव ओतून काम केलं. आरसा लागला, बाई खूश, आणि आठच दिवसांत, हवा जरा दमट झाली तेव्हा, आरशाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. थोरले म्हणाले, काच मोठी कापलीस. माझा नवरा म्हणाला, चौकट घट्ट केलीस. मग शब्दाने शब्द वाढला, आरशावरून गाडी वडिलांच्या दुखण्यात कोण किती जागलं इथपर्यंत गेली, आणि महिन्याभरात दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. छतापर्यंत ती पोचलीच नाही, वर हातभर फट राहिली. इकडे आम्ही, तिकडे थोरले. त्यांचं घर मागच्या गल्लीत.

त्यानंतर आमच्या फ्रेमा बघवेनात. काच स्वच्छ, पण कोपऱ्यात अशी फट की मुंगी सहकुटुंब राहील. आणि तिकडे कोपरे सुबक, पण काचेच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. गिऱ्हाईक बिचारं दोन्हीकडे फिरून यायचं आणि कुठली खोड त्यातल्या त्यात परवडते ते ठरवायचं. आणि ज्या माणसाने गावभरच्या लोकांचे आईबाप भिंतीवर टांगले, त्याचा स्वतःचा फोटो सहा-सात वर्षं बिनफ्रेमचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोघांनीही आपापल्या परीने फ्रेम करून देतो म्हटलं होतं. आईंनी दोघांनाही नाही म्हटलं. फोटो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवला. म्हणाल्या, "त्यांच्या फोटोला लाकूड थोरल्याचं लागेल आणि काच धाकट्याची. एकट्याची फ्रेम मी भिंतीवर लावायची नाही."

तर त्यांची प्रार्थना. सकाळी शटर अर्धं वर केलं की आई आमच्या बाजूला स्टुलावर बसायच्या, मांडीवर हात, डोळे मिटलेले. प्रार्थना झाल्याशिवाय दुकानात हत्याराला हात लावायचा नाही हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. मग आई सुरू व्हायच्या.

"बापा, थोरल्याचा गुडघा बघ. जिना चढताना धरतो. आणि ते मूळव्याधीचं पुन्हा सुरू झालंय, लाजून डॉक्टरकडे जात नाही, तूच त्याला उठवून धाड. धाकट्याला शाळेकडून आलेल्या फ्रेमांच्या कामासाठी लांब पट्ट्या हव्यात, कुठे मिळत नाहीत. धाकट्या सुनेच्या जिभेला लगाम घाल. मनाची चांगली आहे, पण बोलली की दूध नासतं. आणि माझ्या दोन्ही लेकरांना एकमेकांशी बोलतं कर. तुझ्या पुत्राच्या नावाने मागते, आमेन."

त्यांचं आमेन झालं की पलीकडे थोरल्यांची करवत घूं करून सुरू व्हायची. त्याआधी कधीच नाही. मी सुरुवातीला म्हटलं योगायोग असेल. पण आई कधी पाच मिनिटांत उरकायच्या, कधी सगळ्या नातेवाइकांचा फेरफटका मारून अर्ध्या तासाने यायच्या, आणि करवत दर वेळी आमेनच्या पाठोपाठ. म्हणजे थोरले पलीकडे हात बांधून उभे राहत होते आणि स्वतःच्या मूळव्याधीसकट सगळं ऐकत होते.

चर्चमध्येही तेच. बायकांच्या प्रार्थनासभेत कोणाला काय विनंती आहे असं विचारलं की आई उठायच्या आणि दोन मुलांचं सांगायच्या. सगळ्यांना ते पाठ झालं होतं. एकदा एक बाई हसून म्हणाली, "तुम्ही बसा, तुमचं आम्हीच सांगतो." पाळकांनी एकदा बायबलातल्या, न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या त्या विधवेवर उपदेश केला तर अर्धं चर्च वळून आईंकडे बघत होतं. घरी येताना मी विचारलं, "आई, तेच ते रोज मागायचा कंटाळा नाही येत? त्याने काय पहिल्यांदा ऐकलं नाही का?"

"ऐकलंय गं त्याने," त्या म्हणाल्या. "तो काही त्या न्यायाधीशासारखा कंटाळून देणारा नाही. तो बाप आहे. पण मी रोज मागितलं नाही, तर हे असंच असायचं म्हणून मीच मान्य करून बसेन. तेवढं मला करायचं नाही."

आता खरी गंमत सांगते. आईंनी लांब पट्ट्यांचं मागितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शटरपाशी लांब पट्ट्यांची मोळी. आईंचा आनंद गगनात मावेना. "बघ, दिलं की नाही." मी म्हटलं, "आई, देवाने दिलं खरं, पण पट्टीवर थोरल्यांच्या पॉलिशचा अंगठा उमटलाय." त्या काय म्हणाल्या असतील? "आणि त्याच्या मनात ते कोणी घातलं?"

उलटही व्हायचं. दुपारी आई थोरल्यांकडे चक्कर मारायच्या, त्यामुळे तिकडचंही सगळं त्यांना कळायचं. तिकडे मोठी काच मोडली असं आई प्रार्थनेत म्हणाल्या की माझा नवरा दुपारी गुपचूप एक काच कापून पलीकडच्या पायरीवर टेकवून यायचा. विचारलं तर म्हणायचा, जादा झाली होती. गुडघ्याचं तेल घेऊन आला तेव्हाही जादाच झालं होतं. दोघांना एकमेकांचं सगळं माहीत, दोघांचा एकमेकांवाचून जीव कासावीस, आणि बोलायचं नाव नाही. मला राग यायचा तो याचा. सगळा निरोप आई देवाकडे पोचवत होत्या, पलीकडे तो आपोआप मिळत होता. मग यांनी तोंड कशाला उघडायचं?

एके दिवशी रस्ता ओलांडताना मागून आलेल्या स्कूटरचा भोंगा आईंना ऐकू आला नाही. थोडक्यात वाचल्या, कोपर खरचटलं. मी म्हटलं, आता पुरे. त्यांना घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले आणि कानात घालायचं मशीन घेऊनच परतले. खरं सांगायचं तर माझाही थोडा स्वार्थ होता. दूध नासण्याची गोष्ट रोज सकाळी गल्लीला ऐकवली जात होती, मी काय दगड आहे?

मशीन घातल्यावर आई दिवसभर लहान मुलासारख्या फिरत होत्या. घड्याळाची टिकटिक ऐकली. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मागे वळून बघितलं. जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू केवढा वाजवून चावतोस रे." मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बापा, थोरल्याचा..." आणि थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"एवढ्या मोठ्याने बोलते मी?"

"हो," मी म्हटलं. नवऱ्याने डोळे वटारले, पण विचारलं त्याचं उत्तर द्यायला नको?

"किती दिवस?"

"मी आले तेव्हापासून तरी."

मग त्यांनी हळूच विचारलं, "थोरल्याच्या मूळव्याधीचंसुद्धा?"

"ते तर इस्त्रीवाल्यालाही माहीत आहे."

आईंनी पदराने तोंड झाकलं. आधी मला वाटलं हसतायत, पण त्या लाजेने पार गोळा झाल्या होत्या. "तुझ्याबद्दलही ऐकलंस?" "रोज," मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि दाबला. मी एवढी वर्षं मनात ठेवलेला राग त्या एका दाबण्यात विरघळला, आणि वाटलं, उगीच सांगितलं.

त्या दिवसापासून आई मनातल्या मनात प्रार्थना करायला लागल्या. ओठ हलायचे, आवाज नाही. आणि पलीकडे करवत सुरू होईना. आमेन कधी झालं तेच थोरल्यांना कळेना ना. पहिल्या दिवशी दहा वाजता जाऊबाई येऊन विचारून गेल्या, "आई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, आता मनात प्रार्थना करतात. "मग झाली की कळवत जा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे घंटा नाही." ही माझी जीभ. जाऊबाई फणकाऱ्याने गेल्या. पण रोज शटरखालून डोकावून आईंचे डोळे उघडलेत का बघून जायच्या, मग तिकडे करवत.

करवत उशिरा का होईना सुरू व्हायची, बाकी सगळंच थांबलं. पायरीवर पट्ट्या येईनात की काच जाईना. दुपारी आई तिकडे जायच्या, पण मनाला लागल्यामुळे इकडचं तिकडे सांगणं त्यांनी पार बंद केलं होतं. नवरा आवरताना दहा वेळा त्या भिंतीकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "दादाच्या गुडघ्याचं काय झालं काही कळलं का?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, पाच पावलांवर माणूस आहे." तो करवादला आणि वर निघून गेला. मला वाटलं, झालं, होतं तेही माझ्या हाताने घालवलं मी. एवढा तरी धागा होता, तोही मीच मशीन आणून तोडला. आईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "अगं, देव काय माझ्या आवाजावर बसला होता? मी मागतेय, तो बघतोय. तू भाजी टाक."

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. जाऊबाई माहेरी गेल्या होत्या आणि थोरल्यांकडे लग्नाच्या फोटोंचं मोठं काम आलेलं. आई सकाळी स्टुलावर बसल्या, डोळे मिटले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पलीकडे पायांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. नवरा काच पुसत होता, एकच काच, तीच तीच. मी मागे पॅकिंगचा कागद कापत होते.

आणि अर्ध्या शटरखालून वाकून थोरले आत आले.

भिंत उभी राहिल्यापासून ते आमच्या बाजूला आले नव्हते. आईंकडे बघितलं, त्यांचे डोळे मिटलेले. माझ्याकडे बघितलं. आता सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर निदान चार वाक्यं तयार होती. या, बसा, चहा ठेवते, वाट चुकलात वाटतं. मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून ते परत गेले असते, जसे रोज जाऊबाईंकडून कळलं की तिकडेच राहायचे तसे. मी कात्री खाली ठेवली, ओठ दाताखाली धरले आणि मान घालून कागदाकडे बघत राहिले. देवाशपथ, बाळंतपणसुद्धा इतकं जड गेलं नव्हतं.

थोरल्यांनी घसा खाकरला. शेवटी भावाकडे बघून म्हणाले, "आमेन झालं का?"

नवऱ्याच्या हातातलं फडकं थांबलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मग विचार."

"प्रार्थनेत कसं विचारू? तूच विचार."

"मी नाही विचारणार."

पुन्हा दोघे उभे. एक या टोकाला, एक त्या टोकाला. थोरल्यांची नजर टेबलावरच्या फ्रेमवर गेली. दोन पावलं पुढे आले, कोपऱ्यावर नख फिरवलं. "हे कोणी कापलंय?"

"मीच."

"दिसतंय."

"तुझ्या काचाही बघितल्यात मी," नवरा म्हणाला. "कडा हाताने मोडतोस का दाताने?"

मला वाटलं, आता पेटणार. आणि पेटलंच. आरशावर आले दोघे. तुझी काच मोठी होती. तुझी चौकट घट्ट होती. थोरले म्हणाले, "घट्ट म्हणजे? मी माप बरोबर कापलं होतं. फट तू काचेत सोडायचीस."

"मी कशाला? मला वाटलं तू चौकटीत सोडली असशील."

"मला वाटलं तू सोडली असशील."

थोरल्यांचं नख कोपऱ्यावरच थांबलं. मग थोरले अगदी हळू म्हणाले, "कार्ड कोणी फिरवलं होतं?"

कोणीच फिरवलं नव्हतं. ते वडिलांचं काम होतं. वडील नव्हते, आणि दोघांनाही ते काम आपलं आहे असं सुचलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने मान हलवली आणि फडक्याने डोळे पुसले, तेच काचेचं फडकं, पावडरीचं, त्याने आणखीच पाणी आलं. थोरले म्हणाले, "गाढवा, ते फडकं नको," आणि आपला रुमाल पुढे केला.

मी आईंकडे बघितलं. डोळे मिटलेलेच. पण मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि कानातल्या मशीनचा छोटा दिवा चालू होता. मग म्हणाल्या, "आमेन." पूर्वीसारखं, चार घरांना ऐकू जाईल असं.

डोळे उघडून थोरल्यांना म्हणाल्या, "अरे, तू केव्हा आलास?" जसं काही माहीतच नाही. मग उठल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या. खाली आल्या तेव्हा हातात उशीचा अभ्रा होता.

त्या दिवशी लग्नाचे फोटो तसेच राहिले. थोरल्यांनी पट्टी निवडायलाच तास घेतला. नवऱ्याने काच तीनदा पुसली. काच चौकटीत ठेवल्यावर दोघेही एकमेकांकडे बघत थांबले, तेव्हा आईंनी खणातून ते पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. दोन बाजूंनी ते थोरल्यांनी फिरवलं, उरलेल्या दोन बाजूंनी माझ्या नवऱ्याने. पाठीमागे लावायला प्लायवुड नव्हतं. थोरल्यांनी भिंतीकडे बघितलं, करवत आणली आणि तिचाच एक तुकडा कापला. मग म्हणाले, एक तुकडा घेतलाच आहे तर बाकीचंही कामाला येईल.

मी दोन दिवस फारशी बोलले नाही. काही बोलायला गेले की कात्री घेऊन पुन्हा कागद कापायला बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनी स्टुलावर बसून कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिडकीत ठेवली. मी म्हटलं, "आई, गल्लीला ऐकू जाईल." त्यांना ऐकूच आलं नाही. डोळे मिटून त्या सुरू झाल्या.

"बापा, इतकी वर्षं तुला एकच म्हणत होते, माझ्या लेकरांना बोलतं कर. ते बोलले. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. मला ऐकू येऊ दे असं मागायचं सुचलंही नव्हतं, ते तू आधी दिलंस आणि मग त्यांना बोलतं केलंस. आता थोरल्याच्या गुडघ्याचं बघ. आणि धाकट्या सुनेने त्या दिवशी तोंड उघडलं नाही. तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे. तिच्या जिभेचं मागणं मी मागे घेते. दोन दिवस ती गप्प आहे, मला घरात करमत नाही. आमेन."

दुकानाच्या त्या टोकाला थोरले म्हणाले, "आमेन," या टोकाला माझा नवरा म्हणाला, "आमेन," आणि करवत सुरू झाली. त्या आवाजात मी रडले ते कोणाला ऐकू गेलं नाही.